मिडचं बटण

३ जानेवारी

ताई,

मायन्यात काय लिहावं यावर बराच वेळ गेला. 'प्रिय' लिहिलं असतं तर म्हणाली असतीस, खुंटे, ताप आलाय का तुला? म्हणून नुसतं ताई.

फोन तू उचलत नाहीस, ते समजण्यासारखं आहे. मेसेज वाचतेस आणि ठेवून देतेस, त्याचीही आता सवय झाली. पत्राचं बरं असतं. फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

इकडे सगळं ठीक आहे. आई ठीक आहे. मीही ठीक आहे. सकाळी चष्म्याच्या दुकानात जाते, लोकांना त्या यंत्रासमोर बसवते, भिंग बदलत विचारते, "हे स्पष्ट की हे?" लोक पटापट सांगतात. संध्याकाळी घरी येते, बेस गिटार काढते, वाजवते, ठेवते. मध्ये काही होत नाही.

आपला बँड शुक्रवार-शनिवारी वाजवतो त्या हॉटेलात मॅनेजर बदलला. याच्या मते आमच्यामुळे पाहुण्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून त्याने स्टेजवरची आवाज वाढवायची खोकी, सगळे अँप, काढायला लावले. आता प्रत्येकाने आपली वायर थेट हॉटेलच्या साउंडमध्ये द्यायची. माझा तो थोरला अँप घरी आणलाय. आईने त्यावर जुनी चादर टाकून इस्त्री ठेवली आहे आणि टेबल मिळाल्याचा तिला आनंद झालाय.

अँप गेला म्हणजे माझा आवाजही गेला, कारण निम्मा आवाज त्या खोक्याचाच होता. त्याच्या बदल्यात मी प्रीअँप पेडल घेतलं. पत्र्याची एवढीशी डबी आहे, साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी. बेसची वायर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. अंगावर सहा बटणं. बेस, मिड, ट्रेबल, म्हणजे खालचा, मधला आणि वरचा आवाज. ड्राइव्ह म्हणजे किती खरखर हवी. ब्लेंड म्हणजे ती खरखर साध्या आवाजात किती मिसळायची. लेव्हल म्हणजे एकूण किती मोठं. दुकानदार म्हणाला, "सगळी बटणं मध्यावर ठेवून सुरुवात करा, मग एकेक फिरवत जा. आवडलं की थांबायचं."

तिथेच गाडी अडली आहे. आवडलं की थांबायचं, पण मला काही आवडतच नाही. नावडतही नाही. ड्राइव्ह वाढवलं, आवाज भरड झाला. कमी केलं, गुळगुळीत झाला. खालचा वाढवला, तेव्हा कपाटाची काच थरथरली. प्रत्येक वेळी मी स्वतःलाच विचारते, हे की हे? आणि गिऱ्हाईक गप्प बसलेलं असतं.

आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "अगं, रेडिओ लावल्यासारखी बटणं काय फिरवत बसलीस? वाजव की काहीतरी." मी वाजवलं. ती थोडा वेळ ऐकून म्हणाली, "छान आहे," आणि आत गेली. तिला अँपवरचंही छानच वाटायचं.

मास्तरांनी तुला एक गोष्ट विचारायला सांगितली आहे. ती आज राहू दे.

खुंटी


१९ जानेवारी

ताई,

काल नव्या व्यवस्थेत पहिल्यांदा वाजवलं.

मास्तर अजूनही शाळेतून थेट येतात. गणिताचा तास संपवायचा, गिटार उचलायची आणि स्टेजवर चढायचं. परवा त्यांच्या कोटाच्या बाहीवर खडूची अख्खी वजाबाकी उमटली होती. दणक्या ड्रमवर आहे तसाच आहे, फक्त वजनात वाढलाय. त्याला मॅनेजरने सांगितलं, ड्रम हळू वाजवा. तेव्हापासून तो प्रत्येक ठोक्याआधी मॅनेजरकडे बघतो आणि मग जोरात वाजवतो.

आणि गाणारा नवा. त्याचं नाव तू विचारलं नाहीस, मीही सांगत नाही. आम्हीसुद्धा अजून 'नवा' म्हणूनच हाक मारतो, बिचारा ओ देतो. दिवसा विमा विकतो. आवाज वरचा, स्वच्छ, सुरात पक्का. त्याला नावं ठेवायला काही जागा नाही.

साउंडसाठी आता एक बाई आहेत. पंचेचाळिशीच्या असतील, कमरेला टॉर्च, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी घरून पेडल बरंचसं लावून नेलं होतं. खालचा आवाज चांगला भरलेला, वर थोडी चमक. घरी एकटीने वाजवताना तो भरगच्च लागला होता. बँडबरोबर सुरू केलं आणि गायबच. हात हलतायत, तारा हलतायत, ऐकू काही येत नाही.

बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "अहो बेसवाल्या, मिड कापलाय का तुम्ही?"

"हो."

"का?"

"मी नेहमीच कापते."

"का पण? खाली आहात, वर आहात, मध्ये भोक पडलंय. कुणासाठी मोकळं सोडलंय एवढं?"

मास्तर एकदम गिटारचे कान पिळायला लागले. दणक्या खाली वाकून पायाजवळ काहीतरी शोधायला लागला. त्यांना ठाऊक होतं. तुझा आवाज खालचा, माझ्या बेसच्या अगदी डोक्यावर बसणारा. सुरुवातीला आपण दोघी एकमेकींच्या अंगावर जायचो. तू वैतागून म्हणायचीस, "सरक ना जरा!" मग मी अँपवरचा मिड कमी करत गेले, कमी करत गेले, आणि एक दिवस तू सरक म्हणायची थांबलीस. तो कट तसाच राहिला. हात अजून तिथेच जातो.

मी बाईंना म्हटलं, "पूर्वीच्या गायिकेचा आवाज तिथे होता."

"आता नाहीये ना?"

"नाही."

"मग भरा."

मी मिडचं बटण वर नेलं. आवाज सर्दी झाल्यासारखा नाकात बोलायला लागला, पण ऐकू आला. बाई म्हणाल्या, "हां." नवा वळून बघून हसला. त्याला पहिल्यांदा पायाखाली जमीन लागली असावी. रात्रभर तसंच वाजवलं. कुणीतरी मला सांगितलं की छान झालं. मीही म्हटलं छान झालं.

घरी आल्यावर बटण पुन्हा खाली केलं. का ते सांगता येत नाही. वाईट वाटलं म्हणून केलं म्हणावं, तर वाईटही वाटलं नव्हतं.

मास्तरांनी निघताना विचारलं, "ताईला लिहिलंस ना?" मी हो म्हटलं. लिहिलं तर होतंच.

खुंटी


२ फेब्रुवारी

ताई,

आता विचारूनच टाकते.

एक छोटी रेकॉर्डिंग कंपनी आपल्या गाण्यांचा अल्बम काढायला तयार आहे. आपल्या म्हणजे तुझ्या. चाली तुझ्या, शब्द तुझे. गाणार नवा. तू हो म्हटल्याशिवाय मास्तर पुढे जाणार नाहीत, पण स्टुडिओच्या तारखा मिळाल्या आहेत आणि त्या पुन्हा मिळतीलच असं नाही. हो किंवा नाही, एवढंच कळव.

हे पहिल्याच पत्रात लिहायचं होतं. त्याऐवजी बटणांबद्दल लिहीत बसले.

मास्तरांचं म्हणणं असं, की तू स्वतःच हॉस्पिटलात पाटीवर लिहून दिलं होतंस, थांबू नका. गळ्यातली गाठ काढताना आवाजाच्या नसेला धक्का बसला हे कळून तेव्हा तुला एकच दिवस झाला होता. गळ्याला पट्टी होती. खडू मोडेल इतक्या जोरात लिहिलंस. आम्ही बघितलं आणि त्याच शुक्रवारी वाजवायला गेलो. सगळ्यांना वाटलं, केवढं मोठं मन आहे. मग तू भावोजींच्या बदलीच्या गावी निघून गेलीस आणि तुझं मन मोठं आहे की कसं आहे, हे विचारायची सोयच राहिली नाही.

आई शेजारी बसली आहे. मी काय लिहिते ते वाचायचा तिचा प्रयत्न चाललाय, पण चष्मा घातलेला नाही. चष्म्याच्या दुकानातली मुलगी घरात असून ही परिस्थिती. ती सांगते ते जसंच्या तसं लिहिते. "तिला म्हणावं, बोलू नको. गाऊ नको. नुसती येऊन बस. मी तुला काही विचारणार नाही." एवढं सांगून ती उठली आणि लगेच परत येऊन म्हणाली, "ते 'विचारणार नाही' खोड. विचारणं होईल माझ्याकडून."

मी खोडलेलं नाही. दोन्ही लिहिलंय.

खुंटी


२३ फेब्रुवारी

ताई,

भावोजींचा दुकानात फोन आला होता. एक आजोबा यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसले होते, त्यांना तसंच बसवून मी बाहेर गेले.

म्हणाले, "तुझी पत्रं मिळतात. वाचते ती."

"मग काय म्हणते?"

"काय म्हणणार! माझ्याशीही खुणांवर चाललंय. दूध हवं असलं की पेला दाखवते."

मी विचारलं, आवाज अजिबातच नाही का? आधी पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "येतो ना. डॉक्टर म्हणतात, व्यायाम केले तर बोलण्यापुरता नक्की येईल. एकदा ती आंघोळ करताना मी बाहेरून ऐकलाय. पण तो तिला नको आहे. तिचा नाही म्हणते. म्हणजे, लिहून म्हणते." मग त्यांनी विचारलं, आई कशी आहे, ऊन वाढलं का तिकडे, आणि फोन ठेवला. आत आले तेव्हा आजोबा अजून हनुवटी टेकवून होते.

आवाज येत असूनही तू बोलत नाहीस, हे ऐकून मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी आजोबांचा नंबर काढला. जवळचा फारच वाढलाय.

तुझं उत्तर नाही, आणि स्टुडिओची तारीख आली. मास्तर म्हणाले, गाणं पुढे बघू, बेस आणि ड्रम तरी करून ठेवू. काल माझी पाळी होती. बंद खोली, भिंतींना फोम, एक खुर्ची, पायाशी पेडल. कानात काहीतरी गाणं हवं, नाहीतर कशावर वाजवणार? नव्याचं घ्यायचं नाही, कारण तुझा होकार नाही. म्हणून मास्तरांनी तालमीची जुनी रेकॉर्डिंग आणली होती. त्यात तू गातेस. मध्येच खोकतेस, "दणक्या, झोपलास का?" म्हणतेस आणि पुन्हा धरतेस.

काच होती, काचेपलीकडे मास्तर आणि रेकॉर्डिंग करणारा. दोघं माझ्याकडे असे बघत होते, जसं कुणाला तरी इंजेक्शन देताना बघतात. मी पेडल लावलं. मिड खाली, पूर्वी होता तिथे. त्यासाठी विचार करावा लागला नाही. तुझा आवाज कानात आला आणि बरोब्बर आपल्या जागी बसला.

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. हात थांबतील, डोळे भरतील. काही झालं नाही. सलग वाजवलं, एकही चूक नाही. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "सफाई आहे हो हातात." मग हेडफोन काढून जरा चाचरत म्हणाला, "फक्त एक सांगू का? तुम्ही कुणाबरोबर वाजवताय असं वाटत नाही. शेजारच्या खोलीत कुणी गातंय आणि तुम्ही इकडे आपल्या वाजवताय, असं वाटतं."

मी म्हटलं, "पुन्हा करते." पुन्हा केलं. तसंच झालं.

खुंटी


१३ मार्च

ताई,

तू गेल्या आठवड्यात रविवारी येऊन गेलीस आणि तरी मी पत्र लिहितेय, कारण त्या दिवशी जे बोलायचं होतं ते अर्धं ओरडण्यातच संपलं.

माझ्या बाजूने काय झालं ते सांगते. दुपारी दार वाजलं, आईने उघडलं, आणि नंतर काहीच आवाज आला नाही. मी बाहेर आले तर आई तुझी पिशवी छातीशी धरून उभी आणि तू चपला काढत होतीस. किती बारीक झालीस! तू माझ्याकडे आलीस, फोन काढलास, आणि त्यावर आधीच लिहून आणलेलं दाखवलंस. नाही.

मी म्हटलं, "ठीक आहे. मास्तरांना सांगते."

तू बघत राहिलीस. मग लिहिलंस, 'ठीक आहे? एवढंच?'

मी म्हटलं, "आणखी काय म्हणू? गाणी तुझी आहेत." आणि खरंच त्या क्षणापर्यंत मला ठीकच वाटत होतं. मग तू खुर्ची ओढून बसलीस आणि अंगठ्यांनी लिहायला लागलीस. लिहितेयस, खोडतेयस, पुन्हा लिहितेयस. मी उभी आहे, वाट बघतेय. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. तू अजून लिहितेयस. आणि एकाएकी माझं डोकं फिरलं. कुठून आलं कोण जाणे. मी म्हटलं, "तोंडाने बोल! आवाज आहे तुला, मला माहीत आहे. भावोजींनी सांगितलंय. बाथरूमला ऐकवतेस आणि आम्हाला नाही?"

तू मान हलवलीस.

"मग माझ्यासमोर टाइप करत बसू नकोस. दोन वर्षं भिंतीशी बोलतेय मी. मेलीस की जिवंत आहेस ते जावयाकडून कळतं आईला. फोन उचलून नुसता श्वास तरी घ्यायचा होतास! थांबू नका म्हणालीस, आम्ही थांबलो नाही. तू सांगितलंस तेच केलं ना आम्ही?"

तेव्हा तू ओरडलीस. "थांबला नाहीत! एक शुक्रवार... एक शुक्रवार तरी थांबायचं होतं!"

ताई, तो काय आवाज होता! पोपटाचा घसा बसावा तसा. पहिला शब्द खाली, दुसरा एकदम छतावर, आणि शेवटचा निव्वळ हवा. आपण दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आई ओल्या हातांनी बाहेर आली. "कोण ओरडलं?"

मी म्हटलं, "मी नाही."

आईने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भिंतीला टेकून हसायला लागली. पदराने तोंड दाबून, खांदे हलवत. तू लाल झालीस. "हसू नकोस," म्हणालीस, आणि त्यातला 'हसू' फुटला, तशी आई खालीच बसली. "अगं, मी हसत नाहीये गं," म्हणत हसत होती, आणि मग तिचं हसणं कुठल्या कुठे गेलं आणि तिने तुझा हात धरून ठेवला.

मला मात्र हसू आलं नाही. मी तुझ्याशी भांडत राहिले. "पाटीवर लिहून दिलं होतंस!" तू म्हणालीस, "लिहिलं होतं. म्हणून काय झालं?" तू तुटक तुटक, मध्ये पाणी पिऊन, सांगितलंस. त्या शुक्रवारी तू हॉस्पिटलच्या खाटेवर घड्याळ बघत होतीस. आता साउंड चेक, आता पहिलं गाणं. तुला वाटत होतं, कुणीतरी दारातून आत येईल आणि म्हणेल, जमलं नाही गं आम्हाला. कुणी आलं नाही. "आणि तू," तू मला म्हणालीस, "तू तरी." मग म्हणालीस, "त्या नव्याने माझी गाणी गायची नाहीत. मला चांगुलपणा नको. मला ती माझी हवीत. गाता येवोत न येवोत."

मी म्हटलं, "स्वार्थी आहेस."

तू म्हणालीस, "हो."

संध्याकाळच्या बसला आई सोडायला आली, मी आले नाही. तू ते बघितलंस, हेही मला माहीत आहे.

मास्तरांना सोमवारी सांगितलं. त्यांनी बाहीवरचा खडू झटकला आणि म्हणाले, "तिची आहेत. विषय संपला." मग विचारलं, "म्हणजे बोलते ती?" मी म्हटलं, "ओरडते." त्यांनी चष्मा काढून पुसला. दणक्याने एक अख्खा दिवस कुणाशी भांडण काढलं नाही. नव्याला सांगताना मला अवघड वाटत होतं, पण तो म्हणाला, "सुटलो. प्रत्येक वेळी मधल्या ओळीत तुम्ही सगळे माझ्याकडे असे बघता, की मी कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरलोय." अल्बमसाठी आता मास्तर चाली बांधतायत. मास्तरांच्या चाली तुला माहीतच आहेत, पाढे म्हटल्यासारख्या. कंपनी ऐकून काय म्हणते बघू.

शुक्रवारी हॉटेलात पेडल जोडलं आणि पहिलाच सूर वाजवला, तर काय घाणेरडा आवाज! मऊ, गिळगिळीत, ओल्या गादीवर थापटी मारल्यासारखा. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "शी!" एवढे दिवस हे लोक माझ्या तोंडावर छान म्हणत होते. साउंडवाल्या बाईंनी लांबून विचारलं, "काय झालं?"

"कसला घाण आवाज आहे हा!"

"मी तुम्हाला जानेवारीत सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

मग मी बसलेच खाली. खालचा कमी केला. मिड वर नेला, फार झाला, नाकात गेला, जरा मागे आणला. ड्राइव्ह थोडं दिलं, दात लागण्यापुरतं. ब्लेंड निम्म्याच्या आत. दणक्याला म्हटलं, वाजव, मी सांगेपर्यंत थांबू नकोस. त्याने मॅनेजरकडे बघितलं आणि वाजवलं. मी फिरवत राहिले. हे नको. हे तर नकोच. हे चालेल. नाही, हेही नको. लोक जेवायला येऊन बसायला लागले तरी माझं चालूच होतं, आणि कुणी मला उठवायची हिंमत केली नाही. शेवटी एका ठिकाणी आवाज असा उभा राहिला की मास्तर गिटार वाजवायचे थांबले. तो तुझ्या गाण्याला चालणार नाही. तू त्याच्यावर गायलीस तर आपली पुन्हा टक्कर होईल. तो माझाच आहे, थोडा उद्धट आहे, आणि मला आवडला.

पहिल्या गाण्यानंतर मॅनेजर आला. "आज बेस जरा जास्तच ऐकू येतोय."

मी म्हटलं, "हो."

हे सगळं समेटासाठी लिहीत नाही. तू जे म्हणालीस ते अन्यायाचं आहे. मनातलं आम्ही कसं ओळखायचं होतं? पाटी वाचायची की तुला वाचायचं? आणि तरी काल दुकानात एका बाईंना भिंग दाखवताना मला तू त्या खाटेवर दिसलीस, दाराकडे तोंड करून. त्या बाईंना एकच भिंग दोनदा विचारलं मी. त्यांनी दोनदा वेगळं उत्तर दिलं.

आईचं म्हणणं, चिडलीस की तू दोन-दोन दिवस ताटाला हात लावत नाहीस, लहानपणापासूनची खोड आहे. तिला काळजी लागून राहिली आहे. मी अजून रागावलेलीच आहे, आणि मेसेजवर उत्तर चालणार नाही. शनिवारी दुपारी मी घरी असेन. फोन कर, आणि त्या बसक्या पोपटाच्या आवाजात सांग, जेवलीस का.

खुंटी